४२०० आरपीएमला दम सोडणारी गाडी

मागच्या वेळी ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) झाल्यावर लिहिलं होतं की आता काही महिने नुसती चालवायची, बॉनेट उघडायचंच नाही. ते काही जमलं नाही. तीन आठवडे मस्त पळाली, आणि मग ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलेली असताना, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो जादा दाब) चढलाय, पाठ सीटला चिकटलीये, आणि ४२०० च्या आसपास कुणीतरी मागून दोर धरल्यासारखी गाडी बसली. धक्का नाही, फटफट नाही, वेगळा आवाज नाही, नुसता दम गेला. चेक इंजिनचा दिवा लागला आणि मग किल्ली बंद करून परत चालू करेपर्यंत बूस्ट ०.३ बारच्या वर जायलाच तयार नाही. लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कापते.

नवीन लोकांसाठी सेटअप थोडक्यात सांगतो. २.० लिटर टर्बो पेट्रोल, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा कोंबणारा पंप) ओरिजिनलच, मोठा इंटरकूलर (टर्बोनंतर हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) ते टर्बो सिलिकॉनचा इनटेक होज (ओरिजिनल प्लॅस्टिकचा काढून मीच बसवला, लाल रंगाचा, दिसायला भारी) आणि स्टेज २ ट्यून. आधी बूस्ट ०.८ होता, आता टार्गेट १.३ बार.

स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट. हा कोड एवढंच सांगतो की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा आला नाही. का आला नाही ते तुमचं तुम्ही शोधा.

पहिला शनिवार

आधी लॉग (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढला, कारण मागच्या गाडीला मी लॉग न बघता पार्ट बदलत सुटलो होतो आणि ते महागात पडलं होतं. थंड गाडीवर पुल (पूर्ण दाबून आरपीएम वरपर्यंत नेणं) केला तर सगळं ठीक, १.३ पर्यंत चढला, ५५०० ला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) २०५ ग्रॅम प्रति सेकंद. म्हणलं झालं काय हिला. मग वीस मिनिटं चांगली तापवली आणि परत पुल केला, आणि बरोबर ४२०० ला बूस्ट १.३ वरून सरळ ०.४५. एमएएफ १६५ वरून १०५. वेस्टगेटची (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी, बूस्ट आवरणारी झडप) ड्युटी मात्र ६० वरून ९५ टक्के, ड्युटी जितकी जास्त तितकी झडप मिटलेली, म्हणजे ईसीयू जीव तोडून दाब मागतोय आणि टर्बो देत नाहीये.

लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.८० ला खिळलेला, नॉक रिटार्ड (इंजिन ठोकायला लागलं की ईसीयूने ठिणगी उशिरा करणं) जवळपास नाही, मिसफायर काउंट (ठिणगी चुकल्याची मोजणी) शून्य. म्हणजे पेट्रोल, कॉइल, प्लग यांचा विषय नाही. तरी मी प्लग काढून गॅप ०.८ वरून ०.६५ केलाच. बूस्ट वाढवल्यावर गॅप कमी करावाच लागतो, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते, पण आपल्या तक्रारीशी त्याचा काही संबंध नव्हता हे लॉगमध्ये दिसत असूनही केला, कारण प्लग काढणं सोपं आहे आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दुसरा शनिवार

बूस्ट लीक टेस्ट. एअरबॉक्सच्या बाजूने होजच्या तोंडाला बूच लावलं, पीसीव्हीचं (क्रँककेसमधली तेलाची वाफ इनटेकमध्ये सोडणारी नळी) तोंड बंद केलं (हे विसरू नका, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जाऊ शकतात) आणि कॉम्प्रेसरने हळूहळू १ बारपर्यंत दाब भरला. साबणाचं पाणी सगळीकडे फवारलं. इंटरकूलरच्या आउटलेटच्या क्लॅम्पला बारीक बुडबुडे आले, तो काढून टी-बोल्ट क्लॅम्प लावला. बाकी कुठे काही नाही. काटा दहा मिनिटांत जेमतेम हलला.

खरंतर लीक नसणार हे लॉगच सांगत होता. एमएएफ बसलाय टर्बोच्या आधी. टर्बोनंतर कुठे हवा बाहेर गळत असती तर ती एमएएफमधून मोजून आत आलेली असती, म्हणजे एमएएफ जास्त आणि दाब कमी असं दिसलं असतं, ईसीयूने त्या न पोचलेल्या हवेचंही पेट्रोल टाकलं असतं, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) झालं असतं आणि मागून काळा धूर. आपल्याकडे एमएएफ आणि दाब दोघं हातात हात घालून पडतायत. २.० लिटरचं इंजिन ४३०० ला ०.४५ बारवर साधारण १०५ ग्रॅमच हवा घेणार, हिशोब बसतो. म्हणजे हवा गळत नाहीये, ती मुळात आतच येत नाहीये, नाहीतर टर्बोच्या पुढून परत मागे जातेय.

परत मागे म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पाय काढला की बूस्ट टर्बोच्या मागे सोडणारी झडप. तो उघडा राहिला तर हवा टर्बोच्या पुढून निघून परत टर्बोच्याच तोंडात फिरत राहते, बाहेर काही जात नाही, एमएएफला दुसऱ्यांदा मोजावी लागत नाही, म्हणून लॉग अगदी असाच दिसतो. हाताचा व्हॅक्यूम पंप लावून बघितला तर काटा दहा सेकंदांत खाली आला, डायफ्रॅम फाटलेला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो काय सांगू. नवीन व्हॉल्व्ह टाकला, संध्याकाळी थंड गाडीवर पुल केला, १.३ बार, कसलीही कुरकुर नाही. घरी आल्यावर "केस क्लोज्ड" असा मेसेजसुद्धा मित्रांना टाकला.

थंड गाडीवर. थंड गाडीवर तर ती आधीही पळत होती. एवढी साधी गोष्ट त्या आनंदात डोक्यातून निघून गेली.

तिसरा शनिवार

अर्थात गरम झाल्यावर परत तेच, ४२००, ०.४५, लिंप.

आता मनात टर्बोच गेला असेल असं घोळायला लागलं. इनटेक होज काढला आणि शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. आडवा थोडासा हलतो, तो तेलाचा क्लिअरन्स, तेवढा चालतो. पुढे-मागे अजिबात नाही, पाती घरावर घासल्याची खूण नाही. वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला पंपाने दाब देऊन बघितला, दांडा नीट सरकतो आणि झडप नीट बसते. कॅट (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाम झाला असेल म्हणून ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावला, आयडलला १ पीएसआयच्या आत, २५०० ला दीडच्या आसपास. ठीक.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक. तो लाल होज हातात होता. आत बोट फिरवलं तर वळणाच्या आतल्या अंगाला पीसीव्हीच्या तेलाचा चिकट थर, आणि त्या थरात लांबीच्या दिशेने एक सरळ चकचकीत रेघ, सुपारीएवढ्या रुंदीची, जणू कुणी तिथे रोज बोट घासतंय. मी चिंधीने स्वच्छ पुसली आणि होज परत बसवला! ती रेघ का आली हा प्रश्न डोक्याला शिवलाच नाही.

मधला बुधवार

मित्र ड्रिल मशीन परत द्यायला आला. त्याला गाड्यांतलं फारसं कळत नाही, तो पंपांच्या लायनीतला आहे. मी त्याला लॉग दाखवत, लीक टेस्ट कशी पास झाली वगैरे सांगत होतो. तो होज दोन बोटांनी दाबत म्हणाला, "अरे, हा डिलिव्हरीचा पाइप सक्शनला का लावलायस?"

म्हणलं म्हणजे?

"मोटरीला सक्शनचा पाइप कधी मऊ असतो का रे? आत तारेची रिंग असते, नाहीतर ओढायला लागली की पाइप चपटा होतो. मऊ पाइप पुढच्या बाजूला, तिथे दाब आतून बाहेर असतो. तू यात हवा भरून बघितलीस, भरल्यावर तो फुगणारच. इंजिन तिथे भरतं का ओढतं?"

मी गप्प. दोन मिनिटं खरंच काही बोललो नाही.

टर्बोच्या आधी दाब वातावरणापेक्षा कमी असतो. माझी लीक टेस्ट त्या होजला नेमकी उलट्या बाजूने तपासत होती. गरम इंजिनच्या शेजारी सिलिकॉन मऊ पडतं, आत फ्लोरोचं अस्तर नसेल तर तेलाची वाफ त्याला आणखी ढिलं करते, आणि माझ्या होजमध्ये ना तार ना अस्तर. ०.८ बारला जेवढी हवा ओढली जात होती तेवढं त्याने सोसलं असतं, १.३ ला नाही. आणि दम अचानक का जातो तेही मग समजलं. होज थोडा आत आला की वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली की ओढ वाढते, ओढ वाढली की तो आणखी आत येतो, अर्ध्या सेकंदात खेळ खलास. पाय काढला की परत गोल, जसं काही झालंच नाही. म्हणून उभ्या गाडीत कुणालाही काही सापडत नाही.

चौथा शनिवार

आता पुरावा पाहिजे होता, नुसत्या अंदाजावर दुसऱ्यांदा केस क्लोज करायची नव्हती. होजला टर्बोच्या जवळ एक निपल बसवून त्यावर जादाचा एमएपी (दाब मोजणारा) सेन्सर लावला, आणि गाडी डायनोवर (जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणारं मशीन) चढवली, बॉनेट उघडं, फोन पट्ट्याने बांधून होजवर रोखलेला. थंड पुलला ओढ ५ किलोपास्कल (१०० म्हणजे १ बार). तापवली. पुढच्या पुलला ४००० पर्यंत ६, मग ४२०० ला २१.

व्हिडिओ मी हळू करून आठ-दहा वेळा बघितला असेल. आधी वळणावर नुसता एक खळगा पडतो, अंगठ्याने दाबल्यासारखा, मग तो खळगा एकदम टर्बोकडे धावतो आणि तीन इंचाचा होज पोळपाटावरच्या पोळीसारखा चपटा. बरोबर त्या चकचकीत रेघेवर. आतल्या दोन भिंती एकमेकींना तिथेच घासत होत्या.

हिशोब करून बघा. बाहेर १ बार, टर्बोच्या तोंडाशी ०.९५, मॅनिफोल्डला (इंजिनच्या तोंडाशी) १ अधिक १.३ बूस्ट असा २.३ पाहिजे, म्हणजे प्रेशर रेशो (टर्बोने दाब किती पट करायचा) २.४ च्या आसपास. तोंडाशी ०.७९ राहिला की तेवढ्याच बूस्टला २.९ लागतो. या छोट्या टर्बोला एवढ्या हवेला ते झेपत नाही, आणि ईसीयू वेस्टगेट मिटून त्याला आणखी पळवतोय. तीन आठवडे मी त्या बिचाऱ्या टर्बोला ओव्हरस्पीड करत होतो आणि वर त्याच्याच शाफ्टवर संशय घेत होतो.

पाचवा शनिवार

ओरिजिनल प्लॅस्टिकचा पाइप माळ्यावर होता, तो परत लावला. थोडा बारीक आहे, पण आत फासळ्या आहेत. तापवून सलग पाच पुल, बूस्ट १.२८ ते १.३, ओढ सगळीकडे ७ च्या आत, वेस्टगेट ड्युटी ६२ च्या वर गेली नाही, कोड नाही. एमएएफ ५५०० ला २०१, म्हणजे लाल होजपेक्षा चार ग्रॅम कमी, ते मी आनंदाने सोडतोय.

आता अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वाकवून घ्यायचा विचार आहे, दोन्ही टोकांना आखूड कपलर, म्हणजे मऊ भाग दोन इंचांच्या वर कुठे राहणारच नाही. तारेचा सिलिकॉन होजही मिळतो, पण वळणावर तार किती अंतरावर आहे ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे मन होत नाहीये. कॅच कॅन (पीसीव्हीचं तेल अडवणारा डबा) लावायचाय, कारण होजमध्ये तेल जरा जास्तच होतं. तो जादाचा एमएपी सेन्सर मात्र काढणार नाही, लॉगमध्ये एक कॉलम वाढलाय, राहू दे. लाल होज मित्राने नेला, डिलिव्हरीला लावतो म्हणाला.