वानलेसवाडीतून पुढं

सांगलीहून निघालेली आमची दिंडी विश्रामबाग ओलांडून वानलेसवाडीत आली. शेजारून चालणाऱ्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "काका, वानलेस म्हणजे कोण हो?" टाळांच्या गजरात मला "डॉक्टर!" एवढंच ओरडता आलं. बाकीचं मिरज मागं पडल्यावर, रस्ता जरा मोकळा झाल्यावर सांगितलं.

विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली इकडं आले. आधी सांगलीत दवाखाना, मग मिरजेत संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबून माणसं यायची. कुष्ठरोग्यांना घरचे दाराशी उभं करत नव्हते, त्या काळात त्यांचीही सोय मिरजेत झाली. क्षयाच्या रोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं ते या वाडीत. १९२८ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९३३ मध्ये ते वारले. मिरज दवाखान्यांचं गाव झालं त्याची सुरुवात इथली. आता रिक्षावाल्याच्या तोंडी नाव तेवढं उरलंय, माणूस नाही.

"पण ते धर्म बदलायलाच आले होते ना?" पोरगं हुशार होतं.

होते. ते लपवण्यात अर्थ नाही, त्यांनीही कधी लपवलं नाही. हिंदूचे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं गेलो असं म्हणत आणि शेवटच्या वर्षांत साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा चालवत. मिशनऱ्यांचा हेतू मला मान्य नाही, उपकार मान्य आहेत. दोन्ही एकाच वाक्यात बोलायला आपल्याकडं लोक का कचरतात कुणास ठाऊक.

भोशाला दुपारचा विसावा होता. एक आजी सुईत दोरा ओवून माझ्या टाचेच्या फोडातून आरपार काढत होत्या. दोरा आतच ठेवायचा, पाणी आपोआप झिरपून जातं. सुई बघून त्यांना जुनी आठवण निघाली : पूर्वी पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत, दंड आठवडाभर सुजायचा. पटकी म्हणजे कॉलरा. यात्रेत ती शिरली की परतीच्या वाटेवर गावंच्या गावं पकडायची.

मग मी गॉर्डन हॉलची गोष्ट काढली. हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. सॅम्युअल न्यूवेल हा जोडीदार त्याला पुढच्या वर्षी येऊन मिळाला. त्याची बायको हॅरिएट त्याआधीच मॉरिशसला वारली होती, वय अवघं एकोणीस. न्यूवेल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेला. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडं गेला तेव्हा तिथं पटकीनं थैमान घातलं होतं. जवळचं होतं नव्हतं ते औषध त्यानं रोग्यांना वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर रात्री टेकला आणि पहाटे त्यालाच पटकी लागली. औषध संपलेलं. काही तासांत कारभार आटोपला. सोबतच्या दोन ख्रिस्ती मुलांनी खड्डा खणून त्याला कांबळ्यात गुंडाळून पुरलं.

"म्हंजे वारकरीच की!" विणेकरी बुवा म्हणाले.

मी नाही म्हटलं. मूर्तिपूजा चुकीची असं सांगत फिरणारा माणूस तो, देवळाच्या ओसरीवर मेला म्हणून त्याला आपल्यात ओढायचं कारण नाही. बुवांना ते काही आवडलं नाही.

आजी दोऱ्याचं टोक तोडत म्हणाल्या, "आपल्यापुरता येक डोस तरी ठेवायचा की रं त्यानं."

"मग ज्याला तो दिला तो मेला असता, आजी," पोरगं म्हणालं.

"व्हय. पर ह्यो जगला असता तर आनखी धा जगवलं असतं."

"हिशेब करून दान होत नसतं, माऊली," बुवा म्हणाले. आजी म्हणाल्या, संसार केलेल्या बाईला हिशेब शिकवू नका. हा वाद कवठेमहांकाळ येईपर्यंत चालला.