सकाळी एका किल्लीत, दुपारी नुसतं ‘टक्’

आमचा ट्रक जुना, २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा. अहमदपूर-चाकूर भागातलं सोयाबीन नि तूर भरायची आणि लातूरच्या मोंढ्यात उतरवायची, हे त्याचं काम. पहाटे किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात लागायचा. दुपारी माल रिकामा करून निघावं, तर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) ‘टक्’ करून गप्प. बॉनेट उघडून तासभर थांबलं की काही झालंच नाही असा पुन्हा सुरू. मोंढ्यात तासभर कोण थांबू देतंय! हमालांना चहा पाजायचा आणि धक्का मारायला लावायचं.

ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार. एकाने बॅटऱ्या बदलायला लावल्या. दुसऱ्याने सेल्फ खोलून कार्बन, बुश नवे टाकले. थोडे दिवस बरे जायचे, ऊन चढलं की मागचे दिवस पुढे. डिझेल लाइन हवा धरते, असंही एकजण छातीठोकपणे सांगून गेला. ते मला पटलं नाही. हवा धरली तर इंजिन फिरतं, फक्त पेट घेत नाही. इथे ते फिरतच नव्हतं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो; सिलेंडरात दाबून तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं. सेल्फने जोरात फिरवलं नाही, तर पुढचं सगळं ठीक असून उपयोग काय?

शेवटी शिरूर ताजबंदला एक वयस्कर वायरमन भेटले. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांची अट एकच: गाडी थंड करून आणायची नाही. मीटर लावला, बॅटऱ्या २५ व्होल्टच्या वर. मी खूश. चाचा म्हणाले, “उभ्या बॅटरीचा आकडा काय बघता? लोड आल्यावर बघा.”

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने सेल्फवरचा मोठा नट आणि सॉलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्वीचची, बारीक पिन जोडली. इंजिन फिरलं, पण जड. म्हणजे सेल्फ जिवंत होता. मग त्याच बारीक पिनवर मीटर धरून मला किल्ली फिरवायला लावली: जेमतेम १५ व्होल्ट. बाकीचे किल्लीच्या झिजलेल्या स्वीचमध्ये आणि केबिनपासून खाली आलेल्या लांब वायरीत जिरत होते.

दुपारचं कोडं इथेच सुटलं. तांब्याची तार तापली की दर अंशाला तिचा रेझिस्टन्स साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनाला चिकटून बसलेली सॉलेनॉइडची कॉइल सकाळपेक्षा ५० अंशांनी गरम झाली, तर रेझिस्टन्स २० टक्क्यांनी वाढला. थंड असताना त्या १५ व्होल्टवर कसंबसं भागायचं. गरम झाल्यावर प्लंजर (कॉइल ओढते तो आतला दांडा) हलायचा, ‘टक्’ व्हायचं, पण आतला मोठा कॉन्टॅक्ट जुळायचा नाही.

आणि इंजिन जड का फिरलं? मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या बोल्टवर, आणि सेल्फ मारला. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा, इथे दोनच्या वर गेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चेसिसशी त्याचं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, एका पट्टीवरच असतं. आमची पट्टी टोकाच्या जोडापाशी हिरवी पडून आतून तुटत आलेली. करंट दुसरी वाट शोधतो; चाचांनी ॲक्सिलेटरच्या केबलला हात लावायला सांगितलं. ती कोमट लागली! दोन बिघाड एकावर एक बसले होते, म्हणून एकेक भाग बदलून हाती काही लागत नव्हतं.

नवी जाड पट्टी टाकली, चेसिसचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वर ग्रीस. सॉलेनॉइडसाठी २४ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्वीच) बसवला. त्याला बॅटरीवरून थेट जाड वायर आणि बॅटरीपाशीच फ्यूज. पावसाळ्यात चिखल उडतो म्हणून रिले उंचावर, पिना खाली करून. सगळा खर्च नव्या बॅटऱ्यांच्या मानाने किरकोळ. एप्रिल-मेच्या उन्हात मोंढ्यात गाडी किल्लीवर लागली. जुना स्वीच तोच ठेवलाय. आता त्याच्यावर फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट येतो.