गॅरेजमधली ३८ अंशांची खोली

पाच गॅलनचे सहा केग (बिअरची धातूची पिंपं), आंबत ठेवलेले दोन-तीन कारबॉय (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटल्या) आणि थोड्या बाटल्या एवढा पसारा झाला, की घरच्या बिअरला फ्रिज पुरत नाही. दुसरा फ्रिज, मग तिसरा, अशी रांग लावण्यापेक्षा गॅरेजच्या कोपऱ्यात आत जाऊन उभं राहता येईल अशी थंड खोली बांधणं बरं. हे सगळं अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी लिहिलंय, म्हणून मापं फूट-इंचात आणि फॅरनहाइटमध्ये आहेत; सामानही त्याच मापात मिळतं. इथे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर बनवायला मोकळीक दिली आहे: घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकटं असाल तर १००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय बिअर बनवू देत नाही, त्यामुळे हा उद्योग तिकडे नेऊ नका.

या खोलीत थंडावा आणणं सोपं आहे. खोली बिघडते ती ओलीमुळे, आणि जिवावर बेतू शकतं ते वायूमुळे. बांधताना सगळं लक्ष या दोन गोष्टींवर हवं.

खोली आतून ६ बाय ८ फूट आणि ७ फूट उंच धरू. भिंती, छत, फरशी मिळून सुमारे २९२ चौरस फूट होतात. एक्सपीएस फोमचा (कडक फोमच्या तक्त्यांचा) आर-आकडा, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, इंचाला ५, म्हणजे ४ इंचाला २०. बाहेर ९० अंश आणि आत ३८ असताना २९२ गुणिले ५२ भागिले २०, म्हणजे तासाला साधारण ७६० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता भिंतींतून आत येते. फोम निम्मा केलात तर ही गळती दुप्पट होते आणि ते पैसे दर महिन्याच्या विजेच्या बिलात जातात. फोमवर काटकसर करू नका. काचतंतूची गादी तर भिंतीत घालूच नका. एकदा सादळली की ती वाळत नाही.

फोम २ बाय ४ च्या उभ्या लाकडांच्या मधे कोंबायचा मोह होतो, पण या लाकडाच्या प्रत्यक्षातल्या साडेतीन इंचांचा आर-आकडा जेमतेम साडेचार भरतो आणि प्रत्येक उभं लाकूड गारवा गळण्याची वाट होतं. सांगाडा बाहेर ठेवा. त्याच्या आतल्या अंगाला २ इंची फोमचे दोन थर लावा आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. प्रत्येक सांधा टेपने आणि कोपरे फवारणीच्या फोमने बंद करा.

आता ओल. ऑगस्टमधली न्यू जर्सीची दमट हवा थंड बाजूकडे ओढली जाते. वाटेत तिला दवबिंदूखालचा पृष्ठभाग भेटला की तिथेच पाणी सुटतं, तेही भिंतीच्या पोटात, डोळ्याआड. वर्षभराने लाकूड काळं पडतं आणि खोलीला कुबट वास येतो. म्हणून ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा पॉलिथिनचा पडदा गरम बाजूला, म्हणजे सांगाडा आणि फोम यांच्या मधे लावायचा. आतून दुसरा पडदा लावू नका, नाहीतर चुकून शिरलेली ओल दोन पडद्यांमधे कोंडून बसते. फोम उघडा ठेवणं धोक्याचं आहे, कारण तो पेटला की दाट काळा धूर करतो. वर अर्ध्या इंची ओलरोधक जिप्सम बोर्ड आणि धुता येईल असा रंग द्या. बांधकाम-नियमही फोम झाकायलाच सांगतात. स्थानिक तपासनिसाला आधी विचारून घ्या. फरशीला २ इंच फोम आणि त्यावर पाऊण इंची प्लायवूड पुरतं, भरलेले केग त्यावर बिनघोर उभे राहतात.

गारव्यासाठी खिडकीचा साधा, डिजिटल आकडे दाखवणारा एसी घ्यायचा. तो स्वतःहून ६० अंशांच्या खाली जात नाही, म्हणून त्याला फसवणारा कूलबॉट नावाचा नियंत्रक लावतात. ही युक्ती मुळात भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची. नियंत्रकाचा छोटा तापक आणि एसीचा तापमापक एकत्र पन्नीत गुंडाळतात. तापक गरम झाला की एसीला खोली तापल्यासारखी वाटते आणि कॉम्प्रेसर चालत राहतो. दुसरा तापमापक एसीच्या पातळ पात्यांमधे खुपसायचा असतो. पाती गोठायला लागली की तापक बंद होतो, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि बर्फ वितळतो.

बहुतेकांची गाडी अडते ती या दुसऱ्या तापमापकाच्या जागेवर. पुढची जाळी काढून एसी चालू ठेवा आणि पात्यांकडे टॉर्च धरून बघत बसा. एखाद्या कोपऱ्यात आधी पांढरी बुरी चढते आणि मग ती पसरते. तापमापक त्याच कोपऱ्यात हवा. तांब्याच्या नळीला चिकटवलात तर एसी उगाच लवकर थांबेल. जिथे बर्फ उशिरा येतो तिथे लावलात तर बाकीची पाती बर्फाची वीट होऊन जातील आणि हवा खेळणार नाही.

या मापाच्या खोलीला १०,००० बीटीयूचा एसी घ्या. ७६० च्या गळतीला एवढा कशाला, असं वाटेल. पण ३८ अंशांच्या हवेत एसी छापील आकड्याएवढं काम करत नाही. निम्मं धरून चाला. शिवाय ७० अंशांचा एक भरलेला केग ३८ वर आणायला सुमारे १,३४० बीटीयू काढावे लागतात, सहा केगना ८,०००. मोठ्या एसीला पातीही जास्त, त्यामुळे ती गोठतात उशिरा. एसीची गरम बाजू घराबाहेर काढा. बंद गॅरेजमधे सोडलीत तर गॅरेज तापतं आणि खोली थंड होईना. एसी बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवा, ताज्या हवेची खिडकी बंद ठेवा आणि त्याला स्वतंत्र विद्युतजोडणी द्या. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो: गॅरेज पाणी गोठण्याच्या ३२ अंशांखाली गेलं तर बिअर २८ अंशांच्या आसपास गोठायला लागते, तेव्हा आत थर्मोस्टॅटवर चालणारा छोटा हीटर हवा.

३८ अंश साठवणीला आणि नळाला छान. ते तापमान आणि १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब ठेवला तर बिअरमधे तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड मुरतो. पण एल आणि लागर या बिअरच्या दोन जातींपैकी एलचं यीस्ट ६५ ते ६८ अंशांना काम करतं, लागरचं ५० च्या आसपास. त्यासाठी खोलीच्या एका अंगाला दोन इंची फोमचा दार असलेला कप्पा करा आणि खोलीतली गार हवा त्यात ओढणारा ४ इंची पंखा बसवा. पंखा आणि आतला लहान तापक इंकबर्ड आयटीसी-३०८ सारख्या दुहेरी नियंत्रकावर चालवा. त्याचा तापमापक हवेत लटकवू नका; कारबॉयच्या पोटाला टेपने लावून वरून फोमचा तुकडा दाबा. आंबताना आतला रस हवेपेक्षा बराच गरम असतो, आणि आपल्याला हवं असतं ते रसाचं तापमान.

आता वायू. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खाली साठतो. २० पौंडांचा सिलिंडर पूर्ण सुटला तर सुमारे १७० घनफूट वायू होतो. ही खोली ३३६ घनफुटांची, म्हणजे निम्मी खोली भरली. सिलिंडर बाहेर ठेवा, फक्त नळी आत न्या. पण तेवढ्याने भागत नाही. पाच गॅलनची नेहमीची बिअर आंबताना सुमारे १४ घनफूट वायू सोडते. खोली हवाबंद धरली तर एकाच कारबॉयने हवेत ४ टक्के होतो, आणि अमेरिकेतली सुरक्षा-यंत्रणा ४ टक्क्यांना जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानते. वायू काही दिवसांत हळूहळू सुटतो, फटींतून थोडा जातोही, पण त्यावर विसंबू नका. कारबॉयच्या एअरलॉकची (वायू बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न घेणाऱ्या झडपेची) नळी भिंतीतून बाहेर काढा, जमिनीपासून फूटभर उंचीवर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे कामाचा नाही. दाराला आतून ढकलून उघडणारी कडी हवी. बाहेरून अडकणारी कडी-कोयंडा नकोच. अलार्म वाजत असेल तर दार सताड उघडा आणि बाहेर थांबा. आत कोणी पडलं असेल तर मागोमाग शिरू नका, ९११ ला फोन करा.

दार भिंतीइतकंच जाड करा आणि चारही बाजूंना दबणारी रबरी पट्टी लावा. सर्वांत जास्त हवा खालच्या कडेतून जाते. खोली रिकामी असताना एक दिवस चालवून बघा. अंधारात आत उभं राहून बाहेरून कुणाला तरी दाराच्या कडेने टॉर्च फिरवायला सांगा. उजेडाची रेघ दिसली तिथे पट्टी उचकटून पुन्हा बसवा. मग बाहेरून कडेकडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर सरळ वर गेला तर केग आत न्या.