फ्लेक्सखाली एक रात्र

घाटकोपरहून मेट्रोत बसलं की दुसरंच स्टेशन असल्फा. डब्यात एसी गारेगार आणि खिडकीतून समोर टेकडीवरची ती प्रसिद्ध रंगीत वस्ती, निळ्या-गुलाबी-पिवळ्या भिंतींची. शेजारची मुलगी फोटो काढत होती. त्या पिवळ्या भिंतीच्या जरा वर माझी आत्या राहते, असं तिला सांगावंसं वाटलं, पण राहिलं. फोटोत भिंतीच येतात. वर पत्रे, पत्र्यांवर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले दगड नि जुने टायर.

२०२४च्या मे महिन्याची अखेर होती. साताऱ्याहून रात्रीच्या गाडीनं आले, पहाटे चेंबूरला मैत्री पार्कला उतरले. आतेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला, जेवण चांगलं होतं, फोटोंत सगळ्यांचे चेहरे तेलकट आलेत. त्याबद्दल एवढंच. लिहायचं आहे ते त्या रात्रीबद्दल.

आत्याचं घर म्हणजे खाली एक खोली आणि लोखंडी शिडीनं वर चढलं की माळा. माळ्यावर मी उभी राहिले तर डोकं टेकतं. पत्र्याच्या खाली आतेभावानं कुणातरी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलाय. त्यानं म्हणे ऊन जरा अडतं. आम्ही चौघी बायका तिथं ओळीनं आडव्या झालो आणि रात्रभर तो माणूस हात जोडून माझ्याकडे बघून हसत होता. ‘हार्दिक शुभेच्छा’.

आता मी साताऱ्याची. आमच्याकडेही उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे मुंबईच्या ३४-३५चं मला कधी कौतुक नव्हतं. पण आमच्याकडे अकरा वाजले की वारा सुटतो, पहाटे पायाशी चादर लागते. इथं रात्री दोन वाजता मोबाइल २९ दाखवत होता आणि पुढे लिहिलं होतं, जाणवतं ३६. हवेतच इतकी वाफ की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि घाम वाळलाच नाही तर अंग थंड व्हायचं कसं? दिवसभर तापलेलं सिमेंट-काँक्रीट रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत बसतं. पंखा होता, तोही फ्लेक्सखालचीच हवा ढवळत होता. हात वर करून फ्लेक्सला लावला तर तवा उतरवल्यावर ओटा लागतो तसा कोमट लागला, मध्यरात्र उलटून गेल्यावर.

किनारपट्टीच्या शहरात हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं ती निदान ३७ अंश गाठल्यावर आणि तेही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. म्हणजे त्या रात्री मुंबईत लाट नव्हती. कागदावर सगळं ठीक होतं.

शेवटी मी शिडी उतरून दारात आले. गल्लीत पुरुषमंडळी झोपलेली, कुणी ओट्यावर, कुणी हातगाडीवर, माझा आतेभाऊ पुठ्ठ्यावर. निदान हवेला तरी होते. मी उंबऱ्यावर टेकले, तेवढ्यात आत्या मागून आली.

“आत चल. बाहेर नको बसूस.”

“आत भाजतंय गं, आत्या.”

“मग? पुरुषांना गल्ली, आपल्याला पत्रा. तीस वर्षं झाली.”

समोरच्या दुमजली घराला एसी बसवलाय. त्याचा बाहेरचा डबा बरोब्बर आत्याच्या दारावर गरम फुंकर मारत होता. मला त्या घरातल्या लोकांचा इतका राग आला की विचारू नका. दोन मिनिटांनी लक्षात आलं, राग नव्हता तो, हेवा होता.

पत्र्यावर पाणी मारलं की तासभर बरं वाटतं, असं आत्या म्हणाली. पण पाणी कुठलं? पहाटे चारला नळ येतो, जेमतेम पाऊण तास, आणि चढावर धार करंगळीएवढी. धरणांत साठा उरला नव्हता, ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात जाहीर झाली होती. “आमच्याकडं डोंगरावर कपात बाराही महिने,” आत्या म्हणाली. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ती साठवते. १३ मेच्या वादळात, त्याच ज्यात घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, हिची ताडपत्री उडाली. नवी आणली ती पावसासाठी. म्हणजे उन्हातून सुटका झाली की लगेच डोंगर खचायची भीती. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला, ती रात्र तिनं जागून काढली होती. यंदाही पाऊस लवकर पडावा म्हणत होती आणि जोरात पडू नये, असंही.

चार वाजता नळ आला. मी दोन हंडे वर नेले आणि तिसऱ्याला धाप लागून खाली बसले. आत्या पासष्टची आहे.

दुसऱ्या रात्री मी तिथं राहिले नाही. पवईत मैत्रीण आहे, तिला बरं नाही, असं खोटंच सांगून निघाले. मैत्रीण ठणठणीत होती. तिच्या बेडरूममध्ये २४वर एसी लावून, पांघरूण घेऊन नऊ तास झोपले. सकाळी गॅलरीत गेले तर तिच्याही एसीचा डबा खालच्या गल्लीकडे तोंड करून घुरघुरत होता.

तितक्यात आत्याचा फोन.

“झोप लागली का गं?”

“लागली.”

“बरं झालं. तुझ्या आंघोळीची बादली काढून ठेवली होती, ती रात्री पत्र्यावर ओतली. मस्त चर्र झालं बघ.”