नोचे बुएना, दुपारी एक वाजता

जहाजावर फिलिपिनो खलाशी असले की नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो. मेसरूममध्ये त्यांचा गायक होसे मारी चान ह्याची नाताळची गाणी लागली की पुढचे चार महिने सुटका नाही. सुरुवातीला वैताग यायचा, नंतर मीही गुणगुणायला लागलो.

त्या वर्षी ब्राझीलच्या सान्तोसहून साखर भरून निघालो होतो. मी थर्ड इंजिनिअर. सोळा तारखेपासून पहाटे चारला पाचसहा जण मेसमध्ये जमू लागले. त्यांच्या गावी सोळा ते चोवीस डिसेंबर रोज पहाटे मिसा असते, सिम्बांग गाबी. चर्चबाहेर तांदळाचा गरम केक, बिबिंगका, आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुम्बोंग मिळतो. बोटीवर पाद्री कुठला? बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, प्रार्थना म्हणायचा, कुक आल्याचा चहा द्यायचा. फिटरने वेल्डिंग रॉडवरचा फ्लक्स झोडपून काढला, तारा वळवून पाच टोकांची चांदणी केली, रंगीत प्लास्टिक ताणून आत एलईडी पट्टी सोडली. हा त्यांचा पारोल. खाली दोन शेपट्याही होत्या. आपला आकाशकंदीलच म्हणा.

मनिला आमच्यापुढे अकरा तास. तिथे नाताळच्या मध्यरात्री अख्खं घर नोचे बुएनाच्या जेवणाला बसतं, तेव्हा आमच्याकडे दुपारचा एक. चोवीसला जेवण उरकून सगळे वायफायच्या टप्प्यात जागा धरून बसलेले, आणि नेमका तेलातला गाळ काढणाऱ्या प्युरिफायरचा ओव्हरफ्लो अलार्म वाजला. माझ्याबरोबर ऑइलर, म्हणजे इंजिनरूमचा खलाशी, खाली आला.

"तू जा वर, मी कॅडेटला घेतो," म्हटलं.

"राहू दे सर, बाऊल उघडूनच घेऊ. घरचे थांबतील."

बाऊल गाळाने गच्च भरला होता. साफ करून, सील रिंग बदलून मशीन सुरू केलं तेव्हा दीड होत आला होता. वर गेलो तर त्याचे घरचे खरंच थांबले होते. टेबलावर हॅम आणि लाल मेणातला चीजचा गोळा, दोन्ही न कापलेले. थोरामोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायची त्यांची रीत. ह्याने हाताची मागची बाजू कॅमेऱ्यापुढे धरली, नखांत अजून काळं होतं, आणि पलीकडून मुलीने कपाळ फोनला टेकवलं. पडद्यावर नुसते केस दिसत होते.

डिसेंबरात घरी यायचं कुणाला नको असतं? पण मेजवानी, भेटवस्तू, धर्ममुलांना द्यायचे नाताळचे पैसे म्हणजे आगिनाल्दो, घराला सगळ्यात जास्त पैसा लागतो तोही डिसेंबरातच. म्हणून माणूस समुद्रावर. घरच्यांनी त्याच्यासाठी ताट मांडलं होतं का, हे मी विचारलं नाही.

रात्री मात्र धमाल. जहाजाच्या मागच्या टोकाला, पूप डेकवर, अर्ध्या कापलेल्या पिंपात कोळसे, वर पाइपात ओवलेलं डुक्कर, आणि ते फिरवायला फिटरने वेल्ड केलेला दांडा. ह्या भाजलेल्या डुकराच्या, म्हणजे लेचोनच्या, कुरकुरीत कातडीवरून चीफ इंजिनिअर आणि बोसन लहान मुलांसारखे भांडले. मग कॅराओके. बेसूर गाणाऱ्या सेकंड कुकला मशीनने अठ्ठ्याण्णव गुण दिले. ती मशीनं कसे गुण देतात, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांसाचं व्हिनेगर घालून पाक्सिव झालं. मला विचाराल तर ते लेचोनपेक्षा सरस.