रंगवलेले सज्जे

२०१८ च्या जुलैत आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची अकरा मुलं घेऊन मी पणजीला गेले होते, कांपालच्या कला अकादमीचं मोजमाप करायला. मांडवीकाठची ही वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची इमारत १९८३ ची. अभ्यासाचा विषय जतन आणि पुनर्वापर.

मुलांना तो पटलाच नव्हता. "मॅडम, पस्तीस वर्षांच्या काँक्रीटचं कसलं जतन?" त्यांना तरी काय बोलणार? आदल्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, वास्तुविशारद राज रेवाल यांचं दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शनगृह पाडलं गेलं. साठ वर्षं भरली नाहीत म्हणून त्याला वारसा मानलंच नव्हतं. त्या हिशेबाने कला अकादमीचा नंबर २०४३ मध्ये!

पहिली फजिती अकादमीतल्याच दीनानाथ मंगेशकर कला मंदिर या सभागृहात झाली. एका मुलीने सभागृहाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, फोटोवरून काढला होता: बाजूला जुन्या नाटकघरासारखे सज्जे, त्यांत बसलेली माणसं. दुसऱ्या गटाच्या प्लॅनमध्ये तिथे नुसती भिंत. दोघं भांडतच आत गेले आणि टेप धरली. सज्जे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी सपाट भिंतीवर रंगवलेले! ती इतकी हसली, की टेपचं टोक हातातून सुटलं. मीही पहिल्यांदा फसले होते, पण ते तिला सांगितलं नाही.

दुपारी एकाने पुनर्वापराचा प्रस्ताव दाखवला. नदीकडची मोकळी बाजू काचेने बंद, आत एसी कॅफे. रेखाटन देखणं होतं, मला मात्र ते मॉलसारखं वाटलं. बोलणार तेवढ्यात पाऊस कोसळला. फिरायला आलेले आजोबा, तबल्याच्या क्लासची मुलं, एक जोडपं, डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, सगळे छपराखाली आले. कुणी कुणाला विचारलं नाही. तिरप्या सरीने फरशी भिजली तशी माणसं दोन पावलं मागे सरकली, इतकंच.

मी त्याला म्हटलं, "कोण कुठे थांबलंय, प्लॅनवर टिंबं काढ."

पाऊस ओसरेपर्यंत कागद टिंबांनी भरला. त्याची काचेची रेघ बरोब्बर त्यांच्यामधून जात होती. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, हे कॅडमध्ये कुठल्या लेयरवर घ्यायचं?"

कॅड म्हणजे संगणकावरचं रेखाटन; त्यात भिंती, खांब, दारं, सगळ्यांना वेगवेगळे लेयर, म्हणजे थर, होते. याला नव्हता. रात्री त्याने नवा उघडून नाव दिलं 'पाऊस'. काचेचा लेयर मात्र पुसला नाही, नुसता बंद करून ठेवला.