गोकाकच्या माळावर मुंगळे ओळखताना

पावसाळा सरला की गोकाक धबधब्यावरची गर्दी ओसरते. घटप्रभा जिथं 52 मीटर खाली कोसळते, त्याच्या आजूबाजूचा खडकाळ माळ मुंग्या बघायला तेव्हाच बरा. बेळगावहून सकाळची पहिली बस धरा. ऊन चढलं की खडक तापतो आणि मुंग्या बिळात शिरतात.

थारमधली, पोट वर उचलून तापल्या वाळूवर धावणारी कॅटॅग्लिफिस इथं शोधू नका, ती वायव्येकडची. इथला घोळ वेगळाच आहे. मोठी काळी मुंगी दिसली की आपण ‘मुंगळा’ म्हणून मोकळे होतो. खरा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. बाभळीवर रस शोषणाऱ्या किड्यांभोवती तो हमखास सापडतो. एकाच वारुळात मोठ्या डोक्याचे आणि किरकोळ अंगाचे असे दोन्ही निघतात, म्हणून आकारावर जाऊ नका. बाजूनं बघा: पाठीची कमान सलग, कमरेला एकच गाठ, काटा कुठंच नाही.

पाठीवर आणि कमरेवर काटे दिसले तर ती पॉलिरेकिस. पोट उन्हात सोनेरी रेशमासारखं चमकलं तर कॅम्पोनोटस सेरिसियस. हिची गंमत म्हणजे वाट दाखवणारी पुढं आणि दुसरी तिला मिशांनी चाचपत मागं, अशी जोडी चालते. मला तरी या माळावर हिच्याइतकं देखणं काही वाटत नाही.

डायकामा या मुंगीपासून मात्र जपून. एकटीच शिकारीला फिरते, लांबून थेट मुंगळा वाटते. भिंगातून अंगावर नांगरटीसारख्या समांतर रेघा दिसतात, कमरेच्या गाठीवर दोन काटे असतात. बिळाच्या तोंडाशी काड्या, पिसं रचलेली दिसली तर तिथं टेकू नका. मुंगळा चावतो, हिला नांगी आहे. बूट घालूनच या.

आणि पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. पुढचे पाय मिशांसारखे हलवून तो चांगला फसवतो.

दहापट भिंग पुरतं. गावात करदंट घ्याच. या गूळ-डिंकाच्या मिठाईचा चुरा खडकावर टाकला की मुंगळे आपणहून येतात आणि खाताना स्थिर राहतात, फोटोला सोयीचं. वारूळ उकरू नका. फोटो वरून, समोरून आणि बाजूनं घ्या. बाजूचा नसेल तर कमरेची गाठ दिसत नाही, मग जाणकारही ‘काळी मुंगी’च्या पुढं जात नाही.